मदत हवी आहे: दक्षिण मुंबईत पंचतारांकित जेवण, दुपारी की रात्री?

डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. डोंबिवलीहून सहा जण येणार. मरीन ड्राइव्ह किंवा कुलाब्याच्या पंचतारांकित हॉटेलातलं रेस्टॉरंट डोक्यात आहे. दोघं शाकाहारी, बाबांना जेवणाआधी इन्सुलिन. दारू नको. माणशी अडीच हजार धरलेत. दुपार बरी की रात्र?

प्रतिसाद १
दुपार, आणि जमलं तर सोमवार ते शुक्रवार. बऱ्याच ठिकाणी सेट लंच याच दिवसांत असतं: दोन-तीन कोर्स, ठरलेली किंमत, स्वयंपाकघर रात्रीचंच. रविवारी अनेक हॉटेलांत त्याची जागा ब्रंच (नाश्ता-जेवण एकत्र) घेतो. मग माणशी एकच मोठा आकडा. आईंनी चार घास खाल्ले तरी तेवढाच. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला तर नेहमीचा मेनूच बाजूला ठेवतात, त्या तारखा टाळा.

फोनवर नुसतं 'लंच आहे का' विचारू नका. 'अमुक तारखेला सेट लंच आहे का, शाकाहारी वेगळं आहे का, सहा जणांच्या टेबलाला मिळेल का' असं विचारा. शेवटची ऑर्डर साधारण अडीचला घेतात, तेव्हा साडेबाराचंच टेबल घ्या. दोनला पोचलात तर गोड येईपर्यंत आवराआवर सुरू झालेली असते.

प्रतिसाद २
अडीच हजार हा मेनूवरचा आकडा की बिलाचा? बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जाणाऱ्या हॉटेलात १८. सहा जणांच्या १५,००० च्या जेवणावर ७५० की २,७००, एवढा फरक. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर त्यावरही जीएसटी, म्हणजे एकूण १९,४७०. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. काढायला सांगायचा असेल तर कार्ड देण्याआधी सांगा. १९,४७० खिशाला जड वाटत असतील तर काळा घोडा भागात स्वतंत्र रेस्टॉरंटं भरपूर आहेत.

प्रतिसाद ३
समुद्रासाठी जात असाल तर दिशा बघा. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला तोंड करून आहे, अडीच-तीननंतर खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर. गेटवेची बाजू पूर्वेला, तिथे दुपार सुखाची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डिनर सातला सुरू होतं, म्हणजे रात्री समुद्र नाही, फक्त दिव्यांची रांग दिसणार. (ती बघण्यासारखी आहे, हे मान्य.)

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा वळवलेल्या) सकाळी साधारण अकरा ते दुपारी चार. डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नकोच.

धागाकर्ती
धन्यवाद! भावाला रात्रीचा टेस्टिंग मेनू (शेफने ठरवलेले, एकामागून एक येणारे छोटे छोटे पदार्थ) हवाय. बाबांना झेपेल?

प्रतिसाद १
अवघड आहे. टेस्टिंग मेनू बहुतेक ठिकाणी अख्ख्या टेबलाला एकच घ्यावा लागतो आणि अडीच-तीन तास चालतो. सुरुवातीचे पदार्थ घासभर, पोटभरीचं दुसऱ्या तासात. इन्सुलिन आधी घेतलं आणि ताट लांबलं की साखर उतरते. तरीही रात्रच ठरली तर डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारून ठेवा आणि मधुमेह व शाकाहाराचं बुकिंग करतानाच सांगा. आयत्या वेळी सांगितलं तर माशाच्या जागी पनीर येतं, किंमत मात्र माशाचीच. भावाला सेट लंचवर एखादा खास पदार्थ वेगळा मागवून द्या.