मदत हवी आहे: टीव्ही गेमची बंदूक चालत नाही

माळ्यावरचा_कावळा: माळा आवरताना माझा जुना टीव्ही गेम सापडला. तोच तो, लाल-पांढरा. जोडला, मारिओ मस्त उड्या मारतोय. पण बदकांच्या खेळात बंदुकीने एकही बदक पडत नाही. बंदूक खोलून वायर बघितली, ठीक आहे. रविवारी भाचे येताहेत, त्यांना कबूल करून बसलोय. पटकन सांगा.

खटपट्या: कॅसेट काढा, फुंकर मारा, परत घाला. आमची फुंकरीशिवाय कधी चाललीच नाही.

रोहिणी_ठाणे: फुंकर नको हो! तोंडातल्या ओलाव्याने पिना खराब होतात. कान साफ करायच्या कापूसकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

खटपट्या: तीस वर्षं फुंकतोय. अजून चालू आहे.

भाऊसाहेब: आधी गेम कुठला ते कळू द्या. मूळ निंटेंडोचा फॅमिकॉम, १९८३ चा, जपानी, ६० पिनांची कॅसेट. त्याचाच अमेरिकेतला अवतार एनईएस, ७२ पिनांचा. आपण खेळलो ते बहुतेक सगळे फॅमिकॉमची नक्कल. जपानात मूळ यंत्र २००३ पर्यंत बनत होतं, बोला!

माळ्यावरचा_कावळा: अहो कॅसेट चालतेय म्हटलं ना. बंदूक, बंदूक!

गुपचूप: फोनवर एम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारं ॲप टाका, विषय संपला.

भाऊसाहेब: फोनवर बंदूक कशी रोखणार? २ केबी रॅमच्या डब्याने पोरांना दुपारभर बसवून ठेवलं, तुमच्या फोनला जमेल?

रोहिणी_ठाणे: कावळासाहेब, टीव्ही कोणता?

माळ्यावरचा_कावळा: टीव्हीचा काय संबंध? नवाच आहे, दिवाळीतला, ४३ इंची.

रोहिणी_ठाणे: तिथेच घोडं अडलंय. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक गोळी मारत नाही, उलट उजेड टिपते. तो चौकोन ठरलेल्या क्षणी दिसला तरच बदक पडतं. एलईडीवर चित्र किंचित उशिरा येतं, शिवाय बंदुकीला जुन्या पिक्चर ट्यूबचीच लुकलुक ओळखता येते. डबा टीव्ही शोधा.

खटपट्या: तरी एकदा फुंकर मारून बघा.

चिंचगुळ: काँट्रा गेममध्ये तीस जीव कसे घ्यायचे आठवतंय का कोणाला? वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए!

गुपचूप: आमचा डबा टीव्ही आईने भंगारवाल्याला दिला. बदल्यात काय मिळालं विचारू नका.

माळ्यावरचा_कावळा: मिळाला! शेजारच्या काकूंनी त्यावर मनीप्लांट ठेवला होता. कुंडी खाली उतरवायला अर्धा तास विनवण्या. पहिल्याच चापाला बदक पडलं. पण धाकटा भाचा मुद्दाम नेम चुकवतोय, गवतातून कुत्रं वर येऊन हसतं ना, ते बघायला. रोहिणीताई, आभार.

चिंचगुळ: चॅनल ट्यून कसं केलंत? माझ्याकडे नुसत्या मुंग्या.