मदत हवी आहे: बँड सोडला, सोलो अल्बम अपलोड होत नाहीये

धुळ्याचा_गिटारवाला:
तीन दिवस याच्यातच गेले. 7 गाणी तयार आहेत, त्यातली 5 अहिराणी. कानबाईच्या सणाआधी अल्बम आणायचाच आहे. गाणी ऑनलाइन अ‍ॅप्सवर टाकणारा वितरक दोन गाणी सारखी परत पाठवतोय, म्हणे हक्क दाखवा. शब्द माझे, चाल माझी. अजून काय दाखवू? लवकर सांगा.

रावेरची_केळी:
कोणती दोन? बँडने आधी काढलेली का? अर्धंच सांगितलं तर कोण काय सांगणार भाऊ.

धुळ्याचा_गिटारवाला:
हो, बँडमध्ये असताना आलेली. पण बाकीच्यांनी फक्त वाजवली.

भुसावळ_लोकोशेड:
'फक्त वाजवली' म्हणू नको. पंधरा वर्षं ड्रम्स वाजवतोय, हे ऐकलं की जिवाला लागतं. आणि घरी रेकॉर्ड करत असशील तर आधी अर्थिंग बघ. माझ्या गिटारला 50 हर्ट्झची घूं यायची, प्लगमधली वायर सुटलेली निघाली. मे महिन्यात कूलर बंद करून पहाटे चारला गायलोय, खिडकीला आजीच्या दोन गोधड्या टांगून. गोधडीसारखं दुसरं काही नाही.

धुळ्याचा_गिटारवाला:
दादा, रेकॉर्डिंगचं विचारलंच नाहीये.

तापीकाठ:
हक्क दोन वेगळे असतात. शब्द-चाल हे एक, ध्वनिमुद्रण हे दुसरं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता, म्हणजे ते करवून घेणारा. गाणं तू लिहिलंस म्हणून जुनी फाइल तुझी होत नाही. दोन्ही गाणी नव्याने रेकॉर्ड केलीस की जुनंच काही घेतलंस?

धुळ्याचा_गिटारवाला:
आवाज, गिटार, बास नवे. ड्रम्स जुनेच.

रावेरची_केळी:
मग हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना!

भुसावळ_लोकोशेड:
ड्रमरचाही हक्क असतो, चालीतसुद्धा. ठेका बदलला की गाणं बदलतं.

तापीकाठ:
चालीत नाही. चाल मिळून बांधली असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या वादनावर मात्र कलाकार म्हणून हक्क असतो, 50 वर्षं.

भुसावळ_लोकोशेड:
तुम्ही कधी बँडमध्ये वाजवलंय का? तालमीत कोणाचं काय ते कागदावर ठरत नाही.

कान्हदेशी_लेक:
एवढी डोकेदुखी कशाला? बहिणाबाईंच्या ओव्यांना रॉकची चाल लावा. 1951 ला गेल्या, 60 वर्षं होऊन गेली, आता हक्काचा प्रश्नच नाही.

तापीकाठ:
मोकळ्या आहेत, पण मोजणी 1952 पासून. पुस्तक त्या गेल्यावर निघालं, अशा वेळी 60 वर्षं प्रकाशनापासून धरतात.

धुळ्याचा_गिटारवाला:
माझ्या प्रश्नाकडे या ना. ते ड्रम्स मला काढायचे नाहीत. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तो अर्धी मात्रा थांबून स्नेअरवर येतो. चार जणांकडून वाजवून घेतलं, कोणी तसं थांबत नाही. ते गाणं मी त्या थांबण्यावरच लिहिलं होतं.

तापीकाठ:
स्टुडिओचे पैसे कोणी भरले?

धुळ्याचा_गिटारवाला:
चौघांनी, सारखे.

तापीकाठ:
मग एकट्या ड्रमरच्या 'हो'वर भागणार नाही, तू सोडून तिघांच्याही सह्या लागतील. परवानगी लेखीच हवी, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यावर विसंबू नको. मुदत आणि कुठे-कुठे वापरणार तेही कागदावर लिही. नाही लिहिलं तर कायदा 5 वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो, गाणी तर जगभर जाणार. आणि आयएसआरसी कोड कोणता टाकलास?

धुळ्याचा_गिटारवाला:
तोच जुना टाकलाय. गाणं तेच आहे ना.

तापीकाठ:
तो 12 अक्षरी कोड गाण्याचा नसतो, त्या एका मुद्रणाचा असतो. नवीन घे.

भुसावळ_लोकोशेड:
आणि सह्या मागायला मेसेज नको टाकू, घरी जा. भरिताचा हंगाम असता तर म्हटलं असतं, वांगी घेऊन जा.

धुळ्याचा_गिटारवाला:
कोड नवीन टाकतोय. दोघांना फोन झाला, सही देतो म्हणाले. ड्रमर आता नंदुरबारला असतो, बँड सोडल्यापासून आमचं बोलणं नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. ते पाच वर्षांचं तापीकाठ म्हणाले ते कागदावर नेमकं कसं लिहायचं, कोणी मजकूर टाकेल का? आज रात्रीच प्रिंट काढायची आहे.