मावसबहीण न्यूझीलंडमध्ये मधमाश्या पाळते, याचा अभिमान वाटणं चुकीचं आहे का?

वैनतीर:
माझी मावसबहीण आणि तिचा नवरा न्यूझीलंडच्या वायकाटो भागात मधमाश्या पाळतात. शंभरेक पेट्या आणि राबणारे हात दोघांचेच. परवा घरच्या साखरपुड्यात मावशीने त्यांच्या मधाची बरणी सगळ्यांना दाखवली. तिच्यावर लेकीचं आणि जावयाचं नाव छापलेलं आहे. एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढं शिकून माश्याच पाळायच्या होत्या, तर इथे काय कमी आहेत?" मावशी गप्प बसली. मला आलेला राग अजून गेलेला नाही.

काकांना या कामातलं काय माहीत आहे? त्यांचा मध मानुकाचा, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या एका झुडपाचा. त्याचा बहर जेमतेम काही आठवडे टिकतो आणि नेमका तेव्हा पाऊस लागून राहिला की वर्ष हातचं जातं. निर्यातीच्या बरणीवर 'मानुका' असं कुणालाही लिहिता येत नाही. २०१८ पासून तिथल्या सरकारने चार रसायनं आणि झाडाचा डीएनए अशी चाचणी ठरवून दिली आहे. 'अमेरिकन फाउलब्रूड' हा पिल्लांचा रोग आला तर औषध द्यायला बंदी आहे, माश्या आणि पोळ्यांसकट ती वसाहत जाळावी लागते. बहिणीने एका वर्षी सहा पेट्या जाळल्या. त्या रात्री तिच्याशी फोनवर बोललेली मीच होते.

एव्हरेस्टवर गेलेले एडमंड हिलरी याच देशातले मधपाळ. वडील पर्सी आणि भाऊ रेक्स यांच्याबरोबर ते मधाचाच धंदा करत. तिथे या कामाला कुणी हलकं समजत नाही. मग आपल्या माणसांचा आपल्याला अभिमान का वाटू नये?

जावळीकर:
ताई, तुमच्या बहिणीच्या कष्टांबद्दल एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण तुमच्या घरातल्यांना अभिमान कामाचा आहे की देशाचा, हे एकदा तपासा.

माझे वडील तीस वर्षं सातेरी, म्हणजे इथली देशी मधमाशी पाळतात. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकले आणि आजही बावीस पेट्या सांभाळतात. पेटीच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवायची, नाहीतर मुंग्या चढतात. मेणकिडा लागला किंवा खायला कमी पडलं की सातेरी थांबत नाही, अख्खी वसाहत उठून जाते. आमच्याकडच्या पावसाळ्यात साखरेचा पाक देऊन तिला जगवावं लागतं. एवढं करून एका पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध निघाला तर आम्ही समाधानी.

मे २०२२ मध्ये शेजारचं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं. पण माझ्या भावासाठी आलेली दोन स्थळं वडिलांचा धंदा ऐकून परत गेली. आमच्या नात्यात वडिलांची बरणी कुणी हातात घेऊन मिरवलेली मला आठवत नाही. 'भेसळ नाही ना?' हे मात्र प्रत्येक जण विचारतो. तुमच्या काकांनी जे बोलून दाखवलं, ते इथल्या मधपाळाबद्दल सगळेच मनात बोलतात.

हॅमिल्टनचा शेजारी:
मी तिथेच, न्यूझीलंडमध्ये राहतो. माझी हरकत वेगळी आहे. २०१९ च्या आसपास या देशात मधमाश्यांच्या नऊ लाखांवर पेट्या होत्या. मानुकाच्या भावाकडे बघून खूप जण या धंद्यात उतरले. पुढे मध पडून राहिला, भाव कोसळले आणि अनेकांनी पेट्या विकल्या. माझ्या ओळखीच्या एकाने धंदा बंद केल्याचं घरी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. आई गावभर कौतुक सांगत होती, तिला काय सांगणार? तुमचा अभिमान खोटा नाही, पण त्याचं ओझं तिकडच्या माणसाच्या पाठीवर पडतं. बहिणीला कधी विचारलंत का, या वर्षी किती पेट्या वाचल्या?

माईंचं अंगण:
मला हे पटत नाही. आयटीत गेलेल्या मुलांचं कौतुक करताना कुणाला ओझं दिसलं नव्हतं. मुलगी उन्हात उभी राहून डंख खात पैसे कमावते, तिचं कौतुक करायची वेळ आली की बरे सगळ्यांना प्रश्न पडतात. मावशीने बरणी मिरवली यात काहीही चुकलेलं नाही. चुकले ते काका. आणि जावळीकर, तुमच्या वडिलांना मान मिळत नाही हा अन्याय आहेच, पण तो तिच्या लेकीचा मान काढून घेतल्याने भरून निघणार नाही.

वैनतीर:
काल रात्री बहिणीला विचारलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, शरद ऋतूत एकतीस पेट्या गेल्या. कारण व्हरोआ, माश्यांना लागणारा गोचिडासारखा परजीवी, २००० साली त्या देशात सापडला. पेटीत औषधाच्या पट्ट्या लावून वर्षातून दोनदा उपचार करावे लागतात. या वेळी उशीर झाला. मावशीला यातलं काहीही ठाऊक नाही. हॅमिल्टनचे दादा, तुमचं खरं ठरलं. मला ते टोचलं.

पण मी अभिमान मागे घेणार नाही. उलट एकतीस पेट्या गमावून ती वसंतात उरलेल्या वसाहती वाढवायला उभी राहते, हे कळल्यावर तो वाढलाच. मावशीला तिने स्वतः सांगावं, असं आमचं ठरलंय.

जावळीकर दादा, तुमचं म्हणणंही मी नाकारू शकत नाही. मी आजवर इथल्या एकाही मधपाळाकडून मध घेतलेला नाही. बहिणीने तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय: सातेरीला व्हरोआचा त्रास होतो का?

जावळीकर:
तो परजीवी मुळात सातेरीच्याच जातीवरचा. तिथून तो युरोपीय माशीवर गेला. आमची माशी एकमेकींच्या अंगावरून त्याला काढून टाकते आणि तो वाढतो तो बहुतेक नरांच्या घरात, कामकरी पिल्लांमध्ये त्याचं फारसं चालत नाही. युरोपीय माशीला ही सवय तितकी नाही, म्हणून तिकडे वसाहतीच्या वसाहती जातात. वडील म्हणाले, बहिणीला सांगा, फोन कर, सविस्तर बोलू. तीस वर्षांत परदेशातून पहिल्यांदाच त्यांना कुणी काही विचारलंय.

माई, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच आहे.

जांभळाचा मध मे महिन्यात निघेल. थोडा तुरट लागतो, त्याला भेसळ समजू नका. दोन किलो ठेवायला सांगू का?

वैनतीर:
चार ठेवा. दोन काकांच्या घरी देणार आहे, बरणीवर तुमच्या वडिलांचं नाव लिहून.