हान सोलो परत फिरला, पण श्रेय कुणाचं?

घोडबंदरचा_गडी
तलावपाळीच्या कट्ट्यावर हा वाद काही मिटत नाहीये, म्हणून इथे टाकतोय.

१९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स'. हान सोलो हा तस्कर. एका पोराला आणि एका म्हाताऱ्याला जहाजातून नेऊन सोडायचे सतरा हजार ठरवतो, त्यातले दोन हजार आगाऊ. पुढे राजकन्येला सोडवायला जातो तेही बक्षिसाचं गाजर दाखवल्यावर. बंडखोरांची शेवटची लढाई तोंडावर येते, तेव्हा हे महाशय बक्षिसाच्या पेट्या जहाजात चढवत असतात. तो पोरगा, ल्यूक, चार शब्द सुनावून निघून जातो. हानचा जोडीदार च्युबाका, अंगभर केस आणि सात फुटांवर उंची, हानकडे बघून नुसता गुरगुरतो. त्यावर हान उखडतो: बघतोस काय, मला कळतंय मी काय करतोय! आणि पुढे ल्यूकचा खेळ संपलाच असं वाटत असताना हानचं जहाज वरून झेपावतं.

माझं म्हणणं, हानला वळवलं ते या गुरगुरण्याने. विभीषण रावणाला सोडून गेला. कुंभकर्णाने रावणाला त्याची चूक सुनावली आणि मग त्याच्याच बाजूने लढून मेला. च्युबाकाने दोन्ही केलं नाही. साथ सोडली नाही आणि पाठही सोडली नाही. तरी शेवटच्या समारंभात पदकं कुणाला? ल्यूकला आणि हानला. हा आपला शेजारी मोकळ्या गळ्याने उभा.

मासुंदा_काठ
अजिबात पटलं नाही. गुरगुरला आणि मग शेजारच्या खुर्चीत बसून जहाज घेऊन निघालाच की हो! तळावर ल्यूकसाठी थांबला असता तर मानलं असतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही पुष्कळ जण गुरगुरतात, ठरावाला हात मात्र सगळ्यांच्या आधी वर.

घोडबंदरचा_गडी
तो थांबला असता तर हान परत आला असता का, ते सांगा.

कळव्याची_सून
मुळात हानला स्वार्थी म्हणणंच मला खटकतं. जब्बा नावाच्या गुंडाचं देणं आहे, डोक्यावर इनाम लागलंय, सुरुवातीलाच एक वसुलीवाला टेबलापलीकडे बंदूक रोखून बसलेला आपण बघतो. अशा माणसाने हातात पैसा आल्यावर आधी कर्ज फेडायचं म्हटलं तर काय बिघडलं? निघताना तो ल्यूकला 'तूही चल आमच्याबरोबर' म्हणतोच ना! निव्वळ मतलबी माणूस असं बोलावत नाही. दारात वसुलीवाले उभे राहतात तेव्हा काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

मासुंदा_काठ
ताई, हे मान्य. पण मग श्रेय हानलाच जातं, च्युबाकाला कशाला? माझा दुसरा मुद्दा: दिग्दर्शक जॉर्ज लुकासला च्युबाका सुचला तो त्याच्या कुत्र्यावरून. इंडियाना नाव त्याचं, गाडीत शेजारच्या सीटवर बसायचा. कुत्रं मालकाला सोडत नाही, ते इमान झालं. त्याला निर्णय म्हणायचं का?

वाशी_ठाणे_लोकल
पुस्तकांतून तर सरळ ऋणच सांगितलंय. हानने त्याला गुलामीतून सोडवलं, म्हणून हा जन्मभर त्याचा बांधील. म्हणजे कर्णाचंच प्रकरण: अंगदेशाचं राज्य दिलंय, आता बोलायची सोय नाही.

घोडबंदरचा_गडी
पहिल्या सिनेमात त्या ऋणाचं अवाक्षरही नाही. आणि धरू आहे! ऋण हानचं, ल्यूकचं कवडीचंही नाही. मग ल्यूकसाठी गुरगुरायचं काय अडलं होतं? कर्णाची तर गोष्टच सोडा, भर सभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलणाऱ्यांत तोच पुढे होता.

१९८० च्या भागातही बघा. हानला गोठवायला नेतात तेव्हा च्युबाका सैनिकांना उचलून उचलून फेकतो. हान त्याला सांगतो, राजकन्येला सांभाळ. हा थांबतो. नंतर दगा देणाऱ्या लँडोचा गळा धरतो, आणि पुढे त्याच लँडोला सोबत घेऊन हानला शोधायला निघतो. हे कुत्र्याचं इमान नव्हे, साहेब.

गडकरी_बाल्कनी
आवाज अस्वल वगैरे प्राण्यांच्या ध्वनिमुद्रणातून घडवलेला, अंगावर केसाळ पोशाख, दिसतात फक्त डोळे. तरी पीटर मेह्यू मान किंचित कलती करतो आणि आपल्याला कळतं की याला हे पटलेलं नाही. बाकी तुमचं चालू द्या. आणि हो, पदक मिळालं शेवटी, २०१९ च्या भागात. ४२ वर्षांनी!

ऐरोलीकर
२६ जुलै २००५. शिळफाट्याच्या अलीकडे आमच्या ओळखीतल्या एकाचा टेंपो. रस्त्यावर माणसं कंबरभर पाण्यात, आणि हा डोक्यामागे भाडं सांगतोय. क्लीनर म्हणजे त्याच्याच गावचा पोरगा, लहानपणापासून बरोबर. तो काही बोलला नाही. खाली उतरला, मागचा फाळका पाडला आणि म्हाताऱ्या बायकांना हात देऊन वर घ्यायला लागला. मालकाने आरशात बघून शिव्या घातल्या. मग भाडं मागायचं बंद केलं. पोरगा पुढेही त्याच्याकडेच कामाला होता.

कळव्याची_सून
त्याला काढून टाकलं असतं तर?

ऐरोलीकर
तर गेला असता घरी. पण मालकाला त्याच्याशिवाय टेंपो रिव्हर्ससुद्धा घेता येत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

मासुंदा_काठ
हे आवडलं. पण ऐरोलीकर, तुमचा गडी माझ्या बाजूचा आहे! त्याने फाळका पाडला, नुसता गुरगुरला नाही. च्युबाकाने काय पाडलं? प्रसंग दाखवा, मी हरलो म्हणतो.

घोडबंदरचा_गडी
प्रसंग नाहीच. हान निघतो ते थेट लढाईतच उगवतो. मधल्या वेळात जहाजात काय झालं, ते दाखवलेलंच नाही.

मासुंदा_काठ
म्हणजे तुमचा सगळा दावा न दाखवलेल्या प्रसंगावर?

घोडबंदरचा_गडी
हान आपणहून वळला, हा तुमचाही.