शब्दचर्चा : जुन्या धाटणीचे व्यक्तिचित्र, गळ्यात हेडफोन. अशा डिजिटल प्रिंटला मराठीत काय म्हणावे?

रंगरेषा

मुंबईच्या काळा घोडा परिसरातल्या एका समूहप्रदर्शनासाठी चित्रांखालच्या पट्ट्या मराठीत लिहायच्या आहेत. चित्रं अशी : सतराव्या शतकातल्या डच धाटणीची स्त्री, काळोखी पार्श्वभूमी, गळ्यात हेडफोन. किंवा रविवर्मा वळणाची नऊवारीतली स्त्री, हातात वीणेऐवजी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. सगळं संगणकावर केलेलं आणि कागदावर छापलेलं. मसुद्यात सध्या असं आहे : 'शास्त्रीय व्यक्तिरेखा व समकालीन लोकसंस्कृती यांचा संगम साधणारी मुद्राचित्रे'. वाक्य जड आहेच, पण शब्दही नेमके बसत नाहीत असं वाटतं. पट्टीवर चार-पाच ओळींची जागा आहे. काय लिहावं?

अर्थात

एकेक शब्द घेऊ.

'शास्त्रीय' हा शब्द मराठीत संगीत आणि नृत्य यांनी घेतला आहे. चित्राला लावला की वाचकाला शरीरशास्त्राची आकृती आठवते. 'अभिजात' अधिक जवळचा, पण त्यात वर्णनापेक्षा गौरव जास्त. शिवाय कलेच्या इतिहासात 'क्लासिकल' म्हणजे काटेकोरपणे ग्रीक-रोमन काळ. बाजारात मात्र प्रबोधनकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे कुठलेही युरोपीय तैलचित्र त्यात जाते. त्यामुळे विशेषण टाळून काळ आणि घराणे सांगावे : 'सतराव्या शतकातील डच व्यक्तिचित्रांच्या धर्तीवर'.

'व्यक्तिरेखा' नाटक-कादंबरीतली. इथे 'व्यक्तिचित्र'च हवे. हा शब्द मराठीत लेखनप्रकारालाही वापरतात, पण चित्राखाली लिहिल्यावर घोळ होत नाही. प्रसिद्धिपत्रकात मात्र चित्र समोर नसते, तिथे 'रंगवलेले व्यक्तिचित्र' म्हणावे. 'तसबीर' सुंदर शब्द आहे, पण ती वस्तू आहे, प्रकार नव्हे : चौकटीत बसवलेली, भिंतीवर टांगलेली, बहुधा देवाची नाहीतर पूर्वजांची.

सर्वांत मोठी गफलत 'लोकसंस्कृती'ची. लोकसंस्कृती म्हणजे गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या, वारली भिंतचित्रे. तो शब्द वाचून माणूस हेडफोनवालीच्या चित्रात वारली आकृत्या शोधेल. पॉप कल्चर कारखान्यात, स्टुडिओत तयार होऊन लोकांपर्यंत येते. लोकसंस्कृती लोकांमधून वर येते. दिशाच उलटी. विद्यापीठीय लेखनात 'लोकप्रिय संस्कृती' रुळले आहे, ते लेखात चालेल. पट्टीवर 'पॉप कल्चर' देवनागरीत लिहा. तो शब्द मुंबईच्या मराठी वाचकाला अडत नाही.

कागदशाई

'मुद्राचित्र' काढाच. हा शब्द ज्या कामासाठी घडला ते काम वेगळं आहे. मुद्राचित्रात कलाकार स्वतः ठसा तयार करतो : लाकूड कोरतो, जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदतो (मराठी विश्वकोशातला 'अम्लरेखन' हा शब्द त्यासाठीच), किंवा दगडावर तेलकट खडूने काढतो. ठशावर शाई चढवून दाबयंत्रातून कागद काढला की चित्र प्रथमच तिथे जन्माला येतं. त्याआधी कुठलंही 'मूळ चित्र' नसतं, म्हणून प्रत्येक प्रत ही मूळच.

इथे तसं नाही. फाइल आहे, आणि इंकजेट यंत्र ८ ते १२ रंगांच्या पिगमेंट शाया (विरघळलेल्या रंगाऐवजी बारीक रंगकण असलेल्या) कागदावर फवारतं. त्याला 'डिजिटल प्रिंट' म्हणणं हाच प्रामाणिकपणा. 'मुद्राचित्र' लिहिलं तर जाणकार ग्राहक दाबाची खूण शोधणार आणि फसवणूक झाली असं म्हणणार.

याच्या जोडीला एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईच्या छपाईच्या दुकानात 'आर्ट पेपर' म्हणजे चित्रकाराचा कागद नव्हे. तो लेप दिलेला गुळगुळीत कागद, १३० किंवा १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), माहितीपत्रकं छापतात तो. जाड असेल तर 'आर्ट कार्ड', ३०० जीएसएम. 'आर्ट पेपरवर आर्ट प्रिंट द्या' असं सांगितलं की त्यावर लेझर प्रिंट काढून मिळते, आणि दुकानदाराची त्यात काहीच चूक नसते. मागायचं ते असं : 'शंभर टक्के सुती कागद, मॅट, ३०० जीएसएमच्या आसपास, आम्लरहित, पिगमेंट शाई'. कागदात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे का तेही विचारा. ते असेल तर कागद आज पांढराशुभ्र दिसतो आणि काही वर्षांत त्या रसायनाचा जोर ओसरून पिवळट पडतो. 'कॅनव्हास'चंही तसंच. फ्लेक्सच्या दुकानातला कॅनव्हास बहुधा पॉलिस्टरचा असतो.

गिरगावकर

रविवर्मा वळणाची चित्रं आहेत म्हणून 'ओलिओग्राफ' या शब्दाबद्दल लिहितो, कारण विक्रेते तो आता कुठल्याही देवदेवतेच्या छापील चित्राला लावतात.

ओलिओग्राफ ही शिळाछपाई. दर रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप, शेवटी वॉर्निश, आणि बरेचदा कापडासारखा पोत दाबून उठवलेला, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं घरोघर पोचली, काडेपेटीच्या लेबलांवर उतरली. लोकांनी ती घरी नेऊन देवीच्या पातळावर जर आणि टिकल्या चिकटवल्या, खऱ्या कापडाचे पदर लावले. छापील व्यक्तिचित्रावर स्वतःच्या काळाची भर घालायची ही रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे, आणि या प्रदर्शनाच्या टिपणात तिचा उल्लेख यायला हवा असं मला फार वाटतं. पॅरिसमध्ये मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलाकाराने मोनालिसाच्या छापील पोस्टकार्डाला मिशा काढल्या त्या १९१९ साली.

जुना ओलिओग्राफ ओळखायचा तर दहापट भिंग लावा. शिळाछपाईत ठिपके वेडेवाकडे, खडूच्या दाण्यासारखे दिसतात. ऑफसेटमध्ये चार रंगांच्या ठिपक्यांची नेमस्त जाळी असते, त्यातून गुलाबासारख्या आकृत्या होतात. इंकजेटमध्ये बारीक तुषार. चोरबाजारात, मटण स्ट्रीटला जुनी चौकट आणि आत नवी प्रिंट अशी जोडी मिळू शकते, तेव्हा चौकटीवरून वय ठरवू नका.

रंगरेषा

दोन प्रश्न उरतात. एका छपाईवाल्याने कोटेशनमध्ये 'जिक्ले' लिहिलं आहे, ते पट्टीवर घ्यावं का? आणि दोन काळ एकत्र आणण्याच्या या प्रकाराला एक शब्द हवाच आहे. 'विडंबनचित्र'? 'कोलाज'? 'कलमचित्र' सुचतोय, आंब्याचं कलम करतात तसं.

कागदशाई

'जिक्ले' नको. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून अमेरिकेतले छपाईकार जॅक डुगान यांनी १९९१च्या सुमारास तो शब्द केला, कारण गॅलरीत 'इंकजेट' म्हणायला जड जात होतं. तो दर्जाचा शिक्का नाही. सुरुवातीच्या जिक्ले प्रिंटांची शाई लवकर उडायची. 'सुती कागदावर पिगमेंट शाई' यातून ग्राहकाला जास्त कळतं.

अर्थात

'विडंबन' म्हटले की मुळाची थट्टा आली. ही चित्रे थट्टा करत नसतील तर शब्द अन्याय करतो. 'कोलाज'ला विश्वकोशात 'चिक्कणितचित्र' आहे, पण मुळात त्यात चिकटवणे आहे आणि जोड दिसणे हा त्याचा गुणच. इथे जोड लपवलेली आहे.

'कलमचित्र' ऐकायला गोड, पण लघुचित्रांच्या शैलींना 'पहाडी कलम', 'दख्खनी कलम' म्हणतात. चित्रांच्याच प्रदर्शनात तो गोंधळ नको. माझे मत : नाम शोधू नका, क्रियापद वापरा. '...च्या धर्तीवर संगणकावर रंगवलेले' किंवा '...या मूळ चित्रात फेरफार करून'. यात एक महत्त्वाचा भेदही स्पष्ट होतो. पहिल्यात सगळे नव्याने रंगवले आहे, दुसऱ्यात मूळ चित्राची प्रतिमा वापरली आहे. दुसरे असेल तर मूळ चित्रकार, साल आणि संग्रहालय पट्टीवर आलेच पाहिजे. भारतात चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. रविवर्मा १९०६ साली गेले, तिथे प्रश्न नाही. आजच्या नटाचा किंवा गायकाचा चेहरा घेतला असेल तर बाब निराळी : त्यांच्या नाव-चेहरा-आवाजाच्या हक्कांना न्यायालये संरक्षण देत आहेत, आणि विक्रीची प्रिंट म्हणजे व्यापारी वापर.

मुद्रितशोधक

जोड लपवण्यासाठी मराठीत 'बेमालूम' हा तयार शब्द आहे, आणि अशा चित्राची कसोटी तीच. फसतं कुठे ते सांगतो.

हेडफोन शुद्ध काळा ठेवला (आरजीबी ०, ०, ०) तर तो चित्रातून उपटून बाहेर येतो. जुन्या तैलचित्रात शुद्ध काळा क्वचितच असतो, वॉर्निश पिवळं होऊन सगळ्या गडद छटा तपकिरीकडे झुकतात. पार्श्वभूमीतली सर्वांत गडद जागेचा रंग ड्रॉपरने (चित्र-सॉफ्टवेअरमधलं रंग उचलायचं साधन) उचला, समजा २८, २२, १८ आली, तर हेडफोनची गडद बाजू त्याच्याखाली नेऊ नका. पांढऱ्यालाही हाच नियम : लेसची कॉलर जितकी उजळ, त्याहून हेडफोनवरची चमक उजळ नको. मग प्रकाश. खिडकी डावीकडे वर असेल तर हेडफोनची सावली मानेवर उजवीकडे खाली पडणार, आणि तिची कड मऊ असणार. शेवटी रंगाचे तडे : चेहऱ्यावर तडे आहेत आणि हेडफोन गुळगुळीत, इथेच जोड उघडी पडते. तड्यांचा थर सर्वांत वर, दोन्हींवरून सलग न्या.

हे सगळं पडद्यावर नीट दिसलं तरी मॅट कागदावर गडद छटा एकमेकींत बुडतात. छपाईवाल्याकडून त्या कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या यंत्रावर, त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रूपाचा पडद्यावरचा अंदाज, बघा, आणि पूर्ण प्रिंटआधी चेहरा-मानेच्या भागाची ए४ आकाराची चाचणी प्रिंट काढा. ए२ आकाराला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ४९६१ × ७०१६ पिक्सेल लागतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घेतलेली लहान प्रतिमा ताणली की कातडी मेणाची दिसते. पावसाळ्यात प्रिंट लगेच फ्रेमला देऊ नका. साध्या कागदाखाली किमान २४ तास पडू द्या, नाहीतर शाईतले द्रावक उडून काचेवर आतून धुरकट थर बसतो. काच आणि प्रिंट यांच्यात माउंट (अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच, दमट हवेत शाई काचेला चिकटते.

कागदशाई

वरच्या सगळ्यावरून पट्टीचा नमुना :

*शीर्षक, साल*
*सतराव्या शतकातील डच व्यक्तिचित्रांच्या धर्तीवर संगणकावर रंगवलेले चित्र*
*डिजिटल प्रिंट, सुती कागदावर पिगमेंट शाई*
*५९.४ × ४२ सेंमी*
*या आकारात एकूण ३० प्रती, प्रत ७*

'या आकारात' हे शब्द गाळू नका. फाइल तीच राहते, उद्या मोठ्या आकारात आणखी काढल्या तर आजच्या ग्राहकाला तो विश्वासघात वाटेल. प्रिंटच्या समासात ७/३० असं पेन्सिलीने डावीकडे, सही उजवीकडे. पट्टीवर मात्र वरच्यासारखं शब्दांत मांडा, नाहीतर तारीख वाटते. कलाकार स्वतःसाठी राखतो त्या प्रती साधारण दहा टक्के ठेवतात, म्हणजे इथे ३, आणि त्या ३०च्या बाहेर.

रंगरेषा

पट्टी अशीच घेते. 'प्रिंट' तो, ती की ते?

अर्थात

ती. 'प्रत'च्या वळणावर गेली आहे, सिनेमाची प्रिंटही तीच. अनेकवचन 'प्रिंट्स' टाळायचे असेल तर 'प्रती' लिहा. 'पोर्ट्रेट' मात्र ते. आणि मापात उंची आधी, रुंदी नंतर. फ्रेमवाल्याला इंचांत सांगताना हा क्रम तोंडी बोलून घ्या.