अनुभव धागा : डाखाऊची नाझी छळछावणी पाहायला जाताना

म्युनिकला मुक्कामी आलेले बरेच जण तासाभरात डाखाऊ 'उरकून' येतात आणि नुसतं मोकळं मैदान बघून परततात. माहितगारांनी कृपया नेमकं लिहावं: कसं जायचं, मूळचं काय, नंतर बांधलेलं काय, मुलांना न्यावं का.

म्युनिककर
मुख्य स्टेशनवरून एस-२ लोकल घ्या, पेटर्सहाउझेन किंवा आल्टोम्युन्स्टरकडे जाणारी. डाखाऊला उतरलात की स्टेशनबाहेरून ७२६ नंबरची बस. तिकीट एम-१ झोनचं काढा. नुसतं एम झोनचं म्युनिक शहरापुरतंच असतं, डाखाऊ त्याच्या बाहेर पडतं. नवख्यांना दंड होतो तो इथेच. प्रवेश फुकट आहे, एकट्यादुकट्याला बुकिंग लागत नाही. २४ डिसेंबरला बंद. आत खायचं नाही, त्यामुळे डबा आधीच संपवा. मैदानावर आडोसा नाही. हिवाळ्यात कानटोपी, हातमोजे हवेतच. साडेतीन-चार तास तरी ठेवा.

जुनी कागदपत्रं
छावणी २२ मार्च १९३३ला सुरू झाली, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पहिले कैदी राजकीय विरोधक होते. हे डोक्यात ठेवून फिरलात तर प्रदर्शन नीट लागतं.

आता मूळ काय ते. फाटकाची इमारत मूळची आहे, पण 'आर्बाइट माख्ट फ्राय' (काम माणसाला मुक्त करतं) लिहिलेलं लोखंडी दार नक्कल आहे. मूळ दार २०१४मध्ये चोरीला गेलं, २०१६मध्ये नॉर्वेत सापडलं, आता प्रदर्शनात आहे. संग्रहालय आहे ती इमारत खरी: स्वयंपाकघर, कपड्यांचं कोठार, न्हाणीघर सगळं तिथेच होतं. नव्या कैद्यांचे कपडे नि चीजवस्तू काढून घेत, त्या खोलीच्या भिंतीवर धूम्रपानबंदीची जर्मन सूचना अजून दिसते. ती जरूर बघा.

३४ बराकींपैकी एकही उरलेली नाही. युद्धानंतर त्यांत निर्वासित राहिले, पुढे त्या पाडल्या. दिसतात त्या दोन १९६५च्या सुमाराला नव्याने उभारलेल्या, बाकीच्यांचे नुसते चौथरे. तरी आत जाच. झोपायच्या फळ्यांची मांडणी काळानुसार दाखवली आहे. आधी प्रत्येकाची जागा वेगळी आखलेली, शेवटी मधल्या पट्ट्या गायब आणि सलग फळ्या. दोनशे माणसांच्या बराकीत शेवटी दोन हजारांपर्यंत कोंबले होते, ते कसं, हे त्या फळ्या बघून कळतं.

उत्तरेकडची भिंत
संग्रहालयातले फलक वाचण्यातच पाय थकतात आणि अगदी टोकाचं दाहगृह राहून जातं. म्हणून आधी तिकडे जा, फलक नंतर.

तिथे 'इथे हजारोंना वायूने मारलं' असं सर्रास सांगतात. ते बरोबर नाही. वायुकोठडी बांधलेली होती, पण तिच्यात सामूहिक हत्या झाल्याचा पुरावा नाही. अडीच हजारांवर कैद्यांना ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला नेऊन वायूने मारलं. डाखाऊत एकूण किमान ४१,५०० माणसं मेली: उपासमार, रोगराई, छळ, गोळ्या. आकडे चुकीचे सांगितले की हे हत्याकांड झालंच नाही म्हणणाऱ्यांचं फावतं, म्हणून हे काटेकोर हवं.

इथेच नूर इनायत खान यांची स्मृतिपाटी आहे. ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये गुप्त रेडिओ चालवणाऱ्या नूरना इतर तीन महिला हेरांसह १३ सप्टेंबर १९४४ला इथे गोळ्या घातल्या. त्यांचे वडील बडोद्याचे, सयाजीरावांच्या संस्थानात गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू. आपल्याकडच्यांनी ती पाटी चुकवू नये.

दोन मुलांची आई
कैद्यांवर केलेल्या वैद्यकीय प्रयोगांचे फोटो थेट लावलेले आहेत. आठवी-नववीच्या खालच्या मुलांना नको.

क्राकोव्हवासी
पुढे कुणी पोलंडमधली आउशवित्झची छळछावणी बघणार असेल, तर तिचं गणित वेगळं आहे. तिथे नावानिशी आगाऊ बुकिंग लागतं, सोबत पासपोर्ट हवा. पिशवी ३५ × २५ × १५ सेंमीपेक्षा मोठी चालत नाही, मोठी असेल तर बाहेर ठेवावी लागते. मूळ छावणीहून बिर्केनाऊला, म्हणजे आउशवित्झच्याच दुसऱ्या भागाला, फुकट बस आहे. तो भाग सोडून परत फिरू नका, कारण बहुतेक हत्या तिथेच झाल्या.