जुन्या पीसीवर पटकन फोटो उघडणारा हलका इमेज व्ह्यूअर कोणता घ्यावा?

चाफा_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपसाठी फोटो बघायचं एखादं हलकं सॉफ्टवेअर हवंय. पीसी २०१३ चा आहे, आय३, ४ जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. मॉनिटर १९२० बाय १०८० चा. आत्ता जे फोटोचं ॲप आहे त्यात एका फोटोवर डबलक्लिक केलं की आधी नुसती काळी खिडकी, मग गोल फिरणारं चक्र, मग पाच-सहा सेकंदांनी फोटो, आणि पुढचा फोटो बघायला बाण दाबला की परत थोडं थांबा.

मला स्वतःला चाललं असतं एक वेळ, पण हा पीसी आई वापरते. वय ७१. बाबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्यांनी काढलेले फोटो बघत बसते. बाबांना ट्रेकिंगचा आणि फोटोचा फार नाद होता, वर्षावार फोल्डर करून ठेवलेत त्यांनी, २००४ पासूनचे डिजिटल आणि त्याआधीच्या रोलच्या निगेटिव्ह स्कॅन करून टिफ फाइली, एकेक ४० एमबीची. सगळे मिळून २० हजाराच्या वर असतील. फोटो लवकर उघडला नाही की आई परत क्लिक करते, मग चार खिडक्या उघडतात, मग ती "बिघडलं वाटतं" म्हणून बंदच करून टाकते, हे मला बघवत नाही.

एडिटिंग काही नको. बाण दाबला की पुढचा फोटो आला पाहिजे, बस. बहीण दुबईहून आयफोनचे फोटो पाठवते ते एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात, तेही उघडले तर बरं. पैसे भरायला हरकत नाही पण दरमहा वगैरे नको.

घाटवाट

इरफानव्ह्यू टाका आणि विसरून जा. बोस्नियातल्या इरफान श्किल्यानने व्हिएन्नात शिकताना बनवलेलं, १९९६ पासून चालू आहे आणि अजूनही तोच माणूस नवीन आवृत्त्या काढतो. घरगुती वापराला फुकट. काही एमबीचं सॉफ्टवेअर आहे, दिसायला जुनाट वाटेल, पण डबलक्लिक केलं की फोटो समोर, आणि तुम्हाला तेवढंच पाहिजे आहे.

आईंसाठी दोन-तीन सेटिंग करून द्या. व्ह्यू मेनूत डिस्प्ले ऑप्शन्स आहे, तिथे मोठे फोटो खिडकीत बसतील असं निवडा, नाहीतर १२ मेगापिक्सेलच्या फोटोचा नुसता कोपरा दिसतो. एंटर दाबलं की फुल स्क्रीन, एस्केप दाबलं की बाहेर. आणि जेपीजीच्या सेटिंगमध्ये एक्झिफप्रमाणे (म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलीत जी माहिती लिहून ठेवतो त्याप्रमाणे) आपोआप फिरवा असा पर्याय आहे तो चालू ठेवा. कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा फाइलमध्ये आडवाच साठवलेला असतो, "हा असा फिरवून दाखवा" एवढी नोंद फक्त एक्झिफमध्ये असते, जो व्ह्यूअर ती नोंद वाचत नाही त्यात अर्धे फोटो आडवे पडलेले दिसतात.

डाउनलोड मात्र त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. सर्चमध्ये जाहिरातीची लिंक सगळ्यात वर येते तिच्यावर क्लिक करू नका. माझ्या भावाने तसल्याच कुठल्यातरी साइटवरून घेतलं होतं, त्याच्यासोबत ब्राउझरचा टूलबार आणि "पीसी क्लीनर" असलं काहीबाही आलं, ते काढण्यात आमचा रविवार गेला.

काळाकॅमेरा

घाटवाट यांच्याशी सहमत पण मी फास्टस्टोन म्हणेन. लग्नाचे फोटो काढतो, एका लग्नाचे अडीच-तीन हजार होतात, त्यातून निवड करायला हेच वापरतो (माझा धंदा असल्याने मी लायसन्स घेतलंय, घरी वापरायला फुकट आहे). फुल स्क्रीनमध्ये काहीच बटणं दिसत नाहीत, माउस स्क्रीनच्या कडेला नेला की त्या बाजूचा मेनू बाहेर येतो. आणि फोटोवर माउस दाबून धरला की भिंगासारखा तेवढा भाग मोठा होतो, वयस्कर माणसांना हे फार आवडतं, गर्दीच्या ग्रुप फोटोत कोण कुठे उभंय ते शोधायला. आमच्या आजीने तिच्या शाळेच्या फोटोत मैत्रिणी अशाच शोधल्या.

पण खरं सांगू का चाफाताई, तुमचा प्रॉब्लेम अर्धा सॉफ्टवेअरचा आणि अर्धा हार्ड डिस्कचा आहे. ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर ४-५ एमबी असतो पण उघडला की मेमरीत ३६ एमबी होतो, कारण प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात. ते उलगडायचं काम प्रोसेसरला करावंच लागतं. आणि टिफ तर मुळातच ४० एमबी, जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते म्हणजे नुसतं वाचायलाच जवळजवळ अर्धा सेकंद, आणि त्याच वेळी विंडोज मागे अपडेट नाहीतर व्हायरस स्कॅन करत असेल तर विचारू नका. साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या आणि विंडोज तिच्यावर टाका, २५६ जीबीची पुरे. फोटो जुन्याच डिस्कवर राहू द्या. पीसी नवा घेतल्यासारखा वाटेल.

आणि त्याहून सोपं म्हणजे, आईंना बघायला मूळ फाइली कशाला देताय? मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे, म्हणजे २ मेगापिक्सेल. टिफ सगळ्या तशाच जपून ठेवा, एक्स्टर्नल डिस्कवर अजून एक कॉपी करा, आणि त्यांच्या जेपीजी प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये बनवा, लांब बाजू १९२० पिक्सेल. इरफानव्ह्यूत बी दाबलं की बॅच कन्व्हर्जनची (एकदम अनेक फोटो बदलायची) खिडकी येते, रात्री लावून झोपा. भिंग लावून बघायचे असतील ते फोटो तेवढे मोठे ठेवा.

तिठा

जेपीईजीव्ह्यू कुणी सुचवला नाही अजून? सुरू होतो तोच फुल स्क्रीन, मेनूबार नाही, काही नाही. तुम्ही एक फोटो बघत असता तेव्हा तो पुढचा फोटो आधीच वाचून ठेवतो म्हणून बाण दाबला की लगेच येतो, तुमच्या आईला हेच हवंय ना. ओपन सोर्स आहे. मूळ प्रकल्प थांबला होता पण दुसऱ्या एकाने गिटहबवर पुढे चालू ठेवलाय, तोच घ्या, त्यात वेबपी, एचईआयसी, एव्हीआयएफ हे नवे फॉरमॅट सगळे उघडतात. इन्स्टॉल न करता झिप उघडून नुसता चालवता पण येतो.

बहिणीला सांगा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल करून ठेव, मग नवीन फोटो जेपीजीच निघतात.

आणि कुठलाही व्ह्यूअर घेतलात तरी वर्षातून एकदोनदा अपडेट करत जा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी उघडणाऱ्या लायब्ररीतच (अनेक सॉफ्टवेअर वापरतात त्या तयार कोडमध्ये) सुरक्षेचं मोठं भोक सापडलं होतं, मुद्दाम बनवलेलं चित्र नुसतं उघडलं तरी धोका होता, ब्राउझरपासून कितीतरी सॉफ्टवेअरना घाईघाईने दुरुस्ती करावी लागली. फोटोच तर आहे, असं म्हणून चालत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट पण ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेही लक्षात असू द्या.

पेंग्विनप्रेमी

सपोर्ट संपलाच आहे तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, ४ जीबीत चालतं. त्यातला एक्सव्ह्यूअर हलका आहे, नाहीतर नोमॅक्स. एक्सएनव्ह्यू एमपी पण लिनक्सवर मिळतो, ५०० च्या वर फॉरमॅट वाचतो.

घाटवाट

@पेंग्विनप्रेमी, सूचना चांगली आहे पण ७१ वर्षांच्या बाईंना रोजची सवय असलेला डेस्कटॉप बदलून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. चिन्हं जागच्या जागी राहिली पाहिजेत. पीसी ऑनलाइन कशाला वापरतात त्यावर ठरवा, नुसते फोटोच बघायचे असतील तर नेट काढून पण ठेवता येईल.

चाफा_कोल्हापूर

सगळ्यांचे खूप आभार, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. शनिवारी घरी जाऊन तिन्ही टाकून बघितले. आईला समोर बसवूनच केलं, तिलाच बाण दाबायला लावला. जेपीईजीव्ह्यू सगळ्यात वेगात वाटला पण मेनू नाही म्हणून ती जरा बावरली. फास्टस्टोनचं भिंग आवडलं पण माउस चुकून कडेला गेला की मेनू बाहेर यायचा, मग "हे काय आलं" असं विचारायची. शेवटी इरफानव्ह्यू ठेवला. काळी खिडकी गेली हो! टिफच्या प्रती करायला लावल्यात.

पण एक नवीनच गोष्ट झालीये. २००७ ते २०१४ चे बरेच फोटो आडवे दिसतायत, काही अंधारे, आणि आई म्हणते "हा फोटो असा नव्हता, ह्यांनी कापून नीट केला होता." एक्झिफचं सेटिंग चालूच आहे. बाबा तेव्हा पिकासा (गूगलचं फोटो बघायचं-नीट करायचं सॉफ्टवेअर) वापरायचे, ते जुन्या लॅपटॉपवर आहे. तिथे केलेलं सगळं गेलं का?

निगेटिव्हवाला

गेलं नाही, घाबरू नका. आणि कृपा करून अजून एकही फाइल डिलीट करू नका.

पिकासात फोटो फिरवला, कापला, उजळ केला तरी तो मूळ फाइलला हात लावायचा नाही. काय काय केलं त्याची नोंद त्याच फोल्डरमधल्या पिकासा डॉट आयएनआय नावाच्या छोट्याशा लपलेल्या फाइलीत ठेवायचा. पिकासात बघितलं की ती नोंद वाचून नीट केलेला फोटो दाखवायचा. दुसऱ्या कुठल्याही व्ह्यूअरला ती नोंद कळत नाही, म्हणून तुम्हाला मूळ आडवा फोटो दिसतोय. ज्या फोटोंना बाबांनी सेव्ह दाबलं असेल ते बदललेले दिसतील, आणि त्यांची मूळ प्रत त्याच फोल्डरच्या आत पिकासाओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरात असेल. घर हलवताना किंवा डिस्क साफ करताना लोक ही लपलेली फाइल "कचरा" म्हणून उडवतात आणि कुणाचं तरी दहा वर्षांचं काम जातं, मी हे दोनदा डोळ्यांनी बघितलंय म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

पिकासा मार्च २०१६ पासून बंद आहे पण आधीच टाकलेला असेल तर चालतो. त्या लॅपटॉपवरचा पिकासा अजिबात काढू नका. आधी सगळ्या फोटोंची पूर्ण कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घ्या, लपलेल्या फाइलींसकट. मग लॅपटॉपवर पिकासा उघडून एकेक फोल्डर निवडून एक्स्पोर्ट करा, दुसऱ्या जागी. त्या एक्स्पोर्ट केलेल्या फोटोंत बाबांनी केलेलं कापणं, फिरवणं, उजळणं सगळं पक्कं बसलेलं असेल. आईंच्या पीसीवर तेच ठेवा.

अजून एक विचारतो. बाबा पिकासात फोटोखाली काही लिहायचे का? कॅप्शन? जेपीजी असेल तर ते कॅप्शन आयएनआयमध्ये नाही, फोटोच्या फाइलीतच आयपीटीसी म्हणून जी माहिती असते तिथे लिहिलं जायचं. म्हणजे ते अजून आहे. इरफानव्ह्यूत आय दाबा, माहितीची खिडकी येईल, त्यात आयपीटीसीचं बटण आहे (प्लगइनचं पॅकेज टाकलेलं असू द्या). असेल तर फुल स्क्रीनमध्ये फोटोवर ते दाखवता पण येतं. सेटिंग्जमध्ये फुल स्क्रीनच्या भागात मजकूर दाखवा असा चौकोन आहे, त्यात डॉलरचं चिन्ह, कॅपिटल आय आणि इंग्रजी आकड्यात १२० असं सलग लिहा. १२० हा कॅप्शनचा नंबर आहे.

काळाकॅमेरा

निगेटिव्हवाला, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आमच्या घरच्या डिस्कवर पण पिकासाचे फोटो आहेत, आज रात्रीच बघतो.

चाफा_कोल्हापूर

उशिरा लिहितेय, मध्ये दोन आठवडे गेले. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली होती, ती दुकानात काढून घेतली आणि नुसत्या चार्जरवर चालवला. पिकासा उघडला. एक्स्पोर्ट करायला तीन रात्री लागल्या, २००७ ते २०१४ सगळं झालं. एसएसडी पण टाकली, पीसी चालू व्हायला आता मिनिटसुद्धा लागत नाही.

आणि हो, बाबा लिहायचे. मला अजिबात माहीत नव्हतं. सगळ्याच फोटोंना नाही, पण शे-दोनशे फोटोंना तरी असेल. त्यांना मराठी टायपिंग येत नव्हतं त्यामुळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय. "राजगड, बालेकिल्ला, धुकं गेलं तेव्हा ७.४०." "ही शाल हिला पंढरपुरात घेतली." "पन्हाळा. चाफा रुसली होती, गाडीतच बसून राहिली."

निगेटिव्हवाला, तुम्ही सांगितलं तसं १२० लिहिलं, फोटोच्या कोपऱ्यात येतं. अक्षर लहान होतं ते तिथेच मोठं करून दिलं. आई आता बाण पटापट दाबत नाही, वाचत वाचत जाते. काल रात्री फोन केला तेव्हा २००९ च्या फोल्डरमध्ये होती.